आपाच्या शुभहस्ते

माझा धंदा मंडपाचा. लग्न, बारसं, सुंता, उरूस, गणपती, प्रचारसभा, दहावं, सगळ्याला कापड तेच, झालर तेवढी बदलतो. नागपंचमीला शिराळ्यापर्यंत आणि साखर कारखान्याच्या सभांना इस्लामपूरपर्यंत माझे लोखंडी पाईप जाऊन आलेत. पण माझा सगळ्यात लाडका कार्यक्रम म्हणजे सरकारी उद्घाटन. तमाशाला तिकीट काढावं लागतं. इथं मला स्टेजच्या कडेला, माईकच्या वायरीजवळ उभं राहून सगळं फुकट बघायला मिळतं.

सरकारी उद्घाटनाचं शास्त्र मी इतकं घोटलंय की कुठल्याही कॉलेजात शिकवीन. साध्या प्लास्टिकच्या खुर्च्या जनतेला. त्याच खुर्च्यांना पांढरी खोळ घातली की त्या अधिकाऱ्यांच्या होतात. मधोमध सोफा आणि त्याच्याही मधोमध एक उंच पाठीची खुर्ची. त्या पाठीवर पांढरा टॉवेल. हा टॉवेल म्हणजे सगळ्या कार्यक्रमाचा प्राण. फुलं कोमेजलेली चालतात, माईक बंद पडलेला चालतो, पाहुण्यांचं नाव चुकलेलंही चालतं, पण टॉवेल विसरलात तर तुमचा धंदा बसला. पाहुणा स्टेजवर चढला की माणसं बघत नाही, टॉवेल शोधतो. टॉवेल ज्याच्या पाठीला, तो त्या दिवसाचा राजा. बाकीचे त्याच्याकडे बघून मान हलवायला आलेले असतात. तो कोण, कुठला, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. टॉवेल आहे ना, मग झालं.

आमचं गाव सांगलीच्या पूर्वेला, आटपाडीच्या वाटेवर. एसटी इथं थांबते ती कंडक्टरला तंबाखू मळता यावी म्हणून. आधी आमची ग्रामपंचायत होती, मग सरकारनं तिची नगरपंचायत केली. म्हणजे काय केलं, तर पाटी रंगवली आणि घरपट्टी वाढवली. गटार तेच राहिलं. इंजिनिअर मिळाला एक, तोही आजूबाजूच्या गावांबरोबर वाटून घेतलेला. तो कुठल्या दिवशी आपला, हे त्याचं त्यालाच आठवायचं नाही. मग वरून कुणाच्या तरी लक्षात आलं की या असल्या चिमुकल्या शहरांना स्वतःचं काही करता येणार नाही, त्यांना हात दिला पाहिजे. त्यासाठी सातारा-सांगलीतल्या छोट्या गावांकडे बघायला एक प्रादेशिक नियोजनाचं कार्यालय निघालं. गावाला पाणी कसं द्यायचं, कचरा कुठं टाकायचा, बाजार कुठं भरवायचा याचे नकाशे काढून द्यायचे, मंजुऱ्या आणायच्या, निधी मिळवून द्यायचा, नगरपंचायतीच्या लोकांना शिकवायचं, हे त्याचं काम. कागदावर मला त्यात कुठंच खोट दिसत नाही. खोट गाडीतून उतरते.

गावात त्या कार्यालयाला सगळे नुसतं ‘नियोजन’ म्हणतात. पाऊस आला, टँकर आला, तसं ‘नियोजन आलं’. पांढरी गाडी, तीतून लॅपटॉपची बॅग, तिच्यामागून साहेब. साहेब गोरेपान, गुळगुळीत, आवाज रेडिओसारखा. समोर कुणी बोलत असलं की डोळे अर्धे मिटून घेणार. आपल्याला वाटावं ऐकतायत. ते स्वतःचं पुढचं वाक्य जुळवत असायचे. ‘एकात्मिक’ हा शब्द ते असा उच्चारायचे, जसा आमचा आचारी ‘साजूक तूप’ उच्चारतो.

त्यांनी पहिल्यांदा आम्हाला सहाय्य केलं ते कचऱ्यावर. माझ्याच मंडपात दिवसभराची कार्यशाळा. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, यावर साहेब सकाळी बोलले, जेवणानंतर त्यांचा सल्लागार बोलला आणि मधल्या वेळात सगळ्यांनी थर्माकोलच्या ताटल्यांत पुलाव, जिलेबी आणि मठ्ठा चापला. संध्याकाळी गाडी धुरळा उडवत गेली. मागे राहिला ढीग. त्यात ताटल्या, मठ्ठ्याचे ग्लास, पुलाव आणि कार्यशाळेची चकचकीत पुस्तकं, ओलं-सुकं सगळं एकत्र. आमच्या गावाला एवढा कचरा एका दिवसात याआधी कधी जमला नव्हता. गावातली कुत्री मात्र नियोजनावर खूश झाली. पुढं पांढरी गाडी दिसली की ती शेपट्या हलवत मागे धावायची.

दुसरं सहाय्य बाजारतळावर झालं आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

आमचा बाजार आठवड्याचा. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बाया भाजी, मिरच्या, अंडी, मडकी घेऊन येतात. त्यांच्यात माझी थोरली बहीण, आमची आपा, बसते, बांगड्यांचं दुकान मांडून. आमचं घराणं बांगडीवाल्यांचंच. मंडपाचा धंदा मी काढला तेव्हा अब्बांनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला होता. आपाचा नवरा गेला, मुली सासरी गेल्या, पण आपा बाजारातली जागा सोडायला तयार नाही. वडाच्या अलीकडची, सावलीची, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या नजरेत पडणारी जागा. ती आधी आमच्या आजीची होती. आमच्या बाजाराचा कायदा एकच: जागा बसण्याने राहते. पावती कितीही जुनी असो, चार बाजार तुमचं पोतं तिथं पसरलेलं दिसलं नाही की पाचव्या बाजाराला दुसऱ्याचं पोतं पसरलेलं असतं आणि मग भांडून उपयोग नाही, कारण भांडायला तुम्ही उशिरा आलेले असता. म्हणून आपा ताप असो, घरात लग्न असो, बाजाराला बसणार म्हणजे बसणार.

बाजारतळाच्या मागे वेड्या बाभळीचं रान होतं. दिसायला घाण. पण बाजारातल्या सगळ्या बायांची अडचण ते रान सांभाळायचं. दोघी-तिघी मिळून जायच्या, एक पहाऱ्याला उभी राहायची. साहेबांनी लॅपटॉपवर वरून काढलेला फोटो बघितला आणि त्यांना ते रान खुपलं. ‘अविकसित मोकळी जागा’ असं त्याचं नाव पडलं. जेसीबी आला. बाभळी गेल्या, फरशा आल्या, एक कारंजं आलं, ज्यात पाणी मी फक्त उद्घाटनादिवशी बघितलं आणि तेही टँकरचं. फोटो काढायला मोठाली रंगीत अक्षरंही उभी राहिली. मंडप माझाच होता. साहेब माईकवरून म्हणाले, “आता गावाला एक श्वास घ्यायची जागा मिळाली.” समोर बसलेल्या बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. श्वास त्या कुठंही घेत होत्या.

त्यानंतर आपानं बाजारादिवशी पाणी प्यायचं सोडलं. सगळ्याच बायांनी सोडलं. पहाटे घरून निघताना घोटभर, ते थेट दिवेलागणीला परत आल्यावर. भर उन्हाळ्यात, आटपाडीकडच्या उन्हात, दिवसभर बोलून-बोलून गिऱ्हाइकाचे हात चेपायचे आणि चहावाला समोरून गेला की तोंड फिरवायचं. आपाला चहाचं वेड. त्या चहाकडे ती ज्या नजरेनं बघायची, तसं मी कुणाला कशाकडेच बघताना पाहिलं नाही.

शेवटी व्हायचं ते झालं. कंबरेत कळा, लघवीला आग, ताप. मिरजेला नेली. डॉक्टरांनी फोटो बघितले, आपाला दिवसभर काय पितेस विचारलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “एकतर यांनी दिवसभर पाणी प्यायचं, नाहीतर बाजार सोडायचा. दोन्ही जमत नसेल तर मूत्रपिंड सोडायची तयारी ठेवा.”

परत येताना गाडीत मी म्हटलं, “आपा, बास झालं आता. घरी बस. मी हाय की.”

“तू हाईस, व्हय. तुझ्या खुर्च्या हाईत. माझी जागा कुठं हाय तुझ्या घरात?” ती म्हणाली. “तिथं माझी जागा हाय. चार बाजार न्हाई गेलं की ती मिरच्यावाली पोतं टाकतीय बघ. ती टपूनच बसलीय.”

तिचं म्हणणं मला कळत होतं. घरात तिला कुणी कमी करत नव्हतं. पण बाजारात ती बांगडीवाली आपा होती, जिच्यापुढे पाटलाची सूनसुद्धा हात पुढे करून बसते आणि “दुखतंय, हळू” म्हणून विनवते.

गंमत पुढंच आहे. बाजारतळावर बायांसाठी स्वच्छतागृह बांधून तयार होतं!

बाभळी गेल्यावर बायांनी नगरपंचायतीवर आरडाओरडा केला होता. नगरपंचायतीनं बोट नियोजनाकडे दाखवलं आणि नियोजनानं, त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच एक कामाची गोष्ट निघाली, स्वच्छतागृहाचा नकाशा काढला, मंजुरी आणली, ते बांधूनही घेतलं. मी उगाच नावं ठेवणार नाही. काम चांगलं झालं होतं. फरशी चांगली, दारांना आतून कड्या, वर टाकी, बाहेर हात धुवायला नळ. सगळं एकदम झकास आणि दाराला कुलूप.

कुलूप का, तर उद्घाटन व्हायचं होतं. कुण्या मोठ्या पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. भिंतीत कोनशिला बसवलेली, तिच्यावर पाहुण्यांच्या नावाची जागा कोरी, आणि वर मखमली पडदा. पडदा माझाच, भाड्यानं दिलेला. किल्ली वॉचमनकडे. हा वॉचमन म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला गडी, मिशा तेल लावून वळवलेल्या. पाहुणे केव्हाही येतील म्हणून टाकी कायम भरलेली ठेवायची, असा त्याला हुकूम होता. त्यामुळे वर टाकी काठोकाठ आणि खाली, हाकेच्या अंतरावर, बाया तहानलेल्या. बाजारादिवशी तो इमानदारीनं दारासमोर स्टूल टाकून बसायचा आणि बायांना हाकलायचा.

“आवं फौजी, दोन मिन्टं उघडा की,” बाया म्हणायच्या.

“ऑर्डर न्हाई,” तो म्हणायचा. “उद्घाटन हुईस्तवर नो एंट्री. आपून सरहद्दीवर उभा राहिल्याला माणूस हाय, ह्यो तर संडास हाय.”

मिरजेहून आल्यावर पुढच्या आढावा बैठकीला मी आपाला घेऊन साहेबांकडे गेलो. नगरपंचायतीत त्यांच्यासाठी खोळीची खुर्ची आणि टॉवेल तयार होता. मी सगळं सांगितलं. डॉक्टरांचं बोलणंही सांगितलं. साहेबांनी डोळे अर्धे मिटले.

“बघा,” ते म्हणाले, “लोकार्पण झाल्याशिवाय सेवा ही सेवा ठरत नाही. तोपर्यंत ती केवळ वास्तू असते.”

“मग ती वास्तू तेवढी उघडा,” मी म्हटलं.

“तुम्हाला प्रक्रिया कळत नाही. आम्ही हे स्वच्छतागृह सुटं बघत नाही, हे एकात्मिक बाजार सुविधा केंद्र आहे.” आणि त्यांनी लॅपटॉप आमच्याकडे फिरवला.

पडद्यावर आमचा बाजारतळ होता म्हणे. मला तो परदेश वाटला. हिरवंगार गवत, निळं आभाळ आणि त्या स्वच्छतागृहासमोरून गोऱ्यापान, पँट घातलेल्या, खांद्याला पर्स लावलेल्या बाया फिरत होत्या. एकीच्या हातात कुत्र्याची दोरी होती.

आपानं चष्मा वर केला, नीट बघितलं.

“ह्या बाया कुठल्या वं, सायेब?”

“ते... ते प्रातिनिधिक आहे. वापरकर्त्या.”

“मी लहानपणापास्नं बाजारात बसती. ह्यातली एक बी माझ्याकडं बांगड्या भरून गेली न्हाई.” ती उठली. “ह्यांच्यासाठी बांधलंय व्हय? मग उद्घाटनाला बी ह्यास्नीच बोलवा. त्यांस्नी तारीख मिळंल.”

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. चेहरा घामानं डबडबलेला, हात कमरेवर. म्हणाली, “ह्यो येणारा बाजार झाला की न्हाई बसत मी. देऊन टाक त्या मिरच्यावालीला.”

आपाच्या तोंडून हे वाक्य आलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. मी मनात म्हटलं, अरे, या लोकांना उद्घाटन हवंय. अख्ख्या तालुक्यात उद्घाटन कुणाच्या गोडाऊनमध्ये पडलंय? माझ्याच की!

बाजाराच्या दिवशी सकाळी मी टेम्पो भरून बाजारतळावर पोचलो. स्वच्छतागृहासमोर मंडप उभा केला, सोनेरी झालरीचा. सहसा मी तो फक्त पालकमंत्र्यांसाठी काढतो. लाल जाजम अंथरलं. स्टेज, सोफा, टीपॉय, पाण्याच्या बाटल्या, फुलांचा गुच्छ. दाराला लाल फीत. ताटात मखमल, मखमलीवर कात्री. आणि मधोमध उंच पाठीची खुर्ची, पाठीवर नवाकोरा टॉवेल. बॅनरवर मी फक्त एवढंच छापलं होतं: ‘महिला स्वच्छतागृह लोकार्पण सोहळा, आपले सहर्ष स्वागत’. कुणाचं नाव नाही, कुणाचा फोटो नाही. मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. आमच्याकडे खोटं लिहायची गरजच पडत नाही, मंडप पुरतो.

वॉचमन लांबून आला, मंडप बघितला आणि जागच्या जागी ताठ झाला.

“आज हाय व्हय उद्घाटन? मला कुणी सांगितलं न्हाई.”

“तुमाला कवा कोण काय सांगतं, फौजी?” मी म्हटलं. “मंडप दिसतोय न्हवं?”

“व्हय की,” तो म्हणाला आणि घरी पळाला. परत आला तो दाढी करून, डोक्याला तुरेवाली टोपी, छातीवर पदकं, हातात किल्ली. मंडपाच्या दारात सावधान उभा राहिला. त्याच्याकडे बघून मलाच क्षणभर वाटलं, खरंच कुणीतरी मोठं येतंय.

आपाला यातलं काही माहीत नव्हतं. शेवटचं बसायचं, उरलेला माल काढून टाकायचा, म्हणून ती आली होती. मी जाऊन म्हटलं, “आपा, चल. स्टेजवर एक जागा रिकामी हाय.”

“खुळा झालास काय?”

“तू चल गं. हात धुवून घे, फोटो निघत्याल.”

तिनं एकदा माझ्याकडे, एकदा मंडपाकडे, मग त्या टॉवेलाकडे बघितलं. आमच्या घरात नाटकीपणा काही एकट्या माझ्याकडेच आलेला नाही. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, टोपलीतल्या सगळ्यात भारी हिरव्या बांगड्या स्वतःच्या हातात चढवल्या आणि जाजमावरून अशी चालत आली की बाजार बाजूला सरकला. खुर्चीत बसली आणि टॉवेलाला पाठ टेकवली.

मी माईक हातात घेतला. “थोड्याच वेळात आपल्या कार्यक्रमाला सुरुवात होत आहे. माता-भगिनींनी पुढं येऊन बसावं.” माता-भगिनी टोपल्या सोडून आल्या. मिरच्यावालीसुद्धा आली. ती नुसती आपाकडे बघत होती.

आणि नेमकी तेव्हाच, माझ्या नशिबानं की साहेबांच्या दुर्दैवानं, पांढरी गाडी आली. कसल्याशा भेटीला नगरपंचायतीकडे चाललेली. मंडप बघून गाडी थांबली. काच खाली झाली, मग दार उघडलं. साहेब उतरले आणि तरातरा माझ्याकडे आले. मी म्हटलं, संपला खेळ.

“हे काय आहे?” ते दात ओठ खात, पण हळू आवाजात म्हणाले. “कार्यक्रम ठरतो आणि मला कळवत नाही? आमच्या कार्यालयाला डावलायचा प्रयत्न आहे का हा? कुणी ठरवलं?”

मला एका क्षणात सगळं उमगलं. या माणसाला कार्यक्रम खोटा आहे अशी शंका आलीच नव्हती. मंडप, जाजम, फीत, टॉवेल, आणि आत आपल्यासाठी खुर्ची नाही! त्याच्या पोटात एवढीच भीती होती. बाजार दर आठवड्याला भरत होता, बाया दर बाजाराला तहानलेल्या होत्या, त्यानं त्याला कधी काही झालं नाही. पण आपल्याला न बोलावता फीत कापली जाणार, या विचारानं बिचाऱ्याचा रंग उडाला होता.

“साहेब, आपलीच वाट बघत होतो,” मी वाकून म्हटलं. “या, या. सोफा आपलाच.”

ते स्टेजवर चढले. डोळ्यांनी आधी टॉवेल शोधला. टॉवेलावर आपा. साहेबांनी तिला ओळखलं नाही. ओळखणार कसे? तिच्याशी बोलताना त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते. ते माझ्या कानाशी आले.

“या कोण?”

“प्रमुख पाहुण्या.”

“ते दिसतंय हो. कुठल्या? वरून आल्यात का? कुणाच्या मातोश्री?”

“साहेब, तुम्हीच विचारा. मी लहान माणूस.”

विचारायची हिंमत कुठून आणणार? टॉवेलवाल्याला तू कोण विचारणं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही असं कबूल करणं. साहेब आपासमोर गेले, हात जोडले, आणि सांगतो, वाकले! चांगले कमरेतून वाकले.

“आपण वेळात वेळ काढून आलात...”

“वेळ काय, दिवसभर हितंच असती मी,” आपा म्हणाली. “बसा. पानी घ्या. मला काय पिता येत न्हाई.”

साहेब हसले. मोठ्या माणसांचे विनोद समजले नाहीत तरी हसायचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग त्यांनी भाषण केलं. मी विनंती करायच्या आधीच माईक त्यांच्या हातात होता. छोटी शहरं, त्यांचा सर्वांगीण विकास, महिलांचा सन्मान, आणि आमच्या कार्यालयानं कसं सतत पाठबळ दिलं. माझ्या शेजारी भाजीवाल्या चुळबुळत होत्या. त्यांची अडचण भाषणाबरोबर वाढत चालली होती. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “ह्येचं आवरंल तवा आवरंल, माझं आवरना!” आणि सगळा मंडप फुटला. साहेबांना वाटलं, टाळ्यांची जागा आली. ते थांबले. मी लगेच माईक काढून घेतला.

“आता मी प्रमुख पाहुण्यांना विनंती करतो, त्यांनी आपल्या शुभहस्ते फीत कापावी.”

आपानं कात्री उचलली. माझी ती कात्री जन्माची बोथट, भल्याभल्या पुढाऱ्यांना तिनं घाम फोडलाय. आपानं दोनदा दाबली, मग कात्री ताटात ठेवली आणि दोन्ही हातांनी फीत खाटकन तोडली. वॉचमननं कडक सलाम ठोकला, कुलूप काढलं आणि दार सताड उघडलं.

आणि आपा आत गेली. पाहुण्यांनी दारातून डोकावून मान हलवायची असते, तसं नव्हे. आत जाऊन तिनं कडी लावली.

साहेब दारासमोर हात जोडून उभे होते ते तसेच उभे राहिले. आतून नळाचा आवाज आला. आपा बाहेर आली, तोंडावर पाणी मारलेलं, आणि पदरानं चेहरा पुसत मोठ्यानं म्हणाली, “या गं बायांनो. पानी हाय.” बायांची जी झुंबड उडाली, तीत साहेबांना दिलेला गुच्छ पायदळी गेला.

त्यांना खरं कळलं तेव्हा आपा परत आपल्या पोत्यावर बसून एका सुनेच्या हातात बांगड्या भरत होती. साहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा स्टेजवरच्या रिकाम्या टॉवेलाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले. चेहरा विस्तवासारखा.

“तुमच्यावर मी कारवाई करीन. मंडप, बॅनर, सगळं... हे कार्यालयाचं नाव वापरून...”

“नाव कुठं वापरलंय, साहेब? बॅनर वाचा. आणि भाषण तर आपण केलंत. मी चांगलं रेकॉर्ड केलंय. गावाला ऐकवू?”

पुढच्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं, ते मी कुठल्याही नटाला करून दाखवता येईल असं मानत नाही. राग हळूहळू उतरला, डोळे अर्धे मिटले, आणि पुढचं वाक्य जुळलं. ते घसा खाकरून म्हणाले, “ठीक आहे. ही सेवा सध्या प्रायोगिक तत्त्वावर सुरू करण्यात येत आहे.”

असं नियोजन. चुकून एक काम झालं तर त्याला ते प्रयोग म्हणतात. वर कळवलं असतं तर विचारलं असतं, तुम्ही तिथं भाषण कसं केलंत? त्यापेक्षा प्रयोग बरा. प्रयोगाला पाहुणा लागत नाही, तारीख लागत नाही, कुलूप लागत नाही. वॉचमनला नवी ऑर्डर मिळाली: बाजारादिवशी उघडायचं, पाणी भरायचं, स्वच्छ ठेवायचं. ती तो पहिल्या ऑर्डरइतक्याच इमानानं पाळतो. कुणी पुरुष चुकून दाराकडे वळला तर शिट्टी मारतो.

मोठे पाहुणे अजून आलेले नाहीत. कोनशिलेवर माझा मखमली पडदा तसाच आहे, उन्हानं त्याचा रंग विटला. परवा कार्यालयानं आपल्या कामगिरीचं एक रंगीत पुस्तक छापलं. त्यात एका पानावर आपाचा फोटो आहे, दोन्ही हातांनी फीत तोडतानाचा, आणि खाली लिहिलंय: ‘समाधानी लाभार्थी’. मी तो आपाला नेऊन दाखवला. तिनं चष्मा वर करून बघितला.

“बांगड्या बऱ्या आल्यात,” म्हणाली आणि पुस्तकाचं पान फाडून त्यात गिऱ्हाइकाच्या बांगड्या गुंडाळल्या.

मग तिनं चहावाल्याला हाक मारली. मिरच्यावाली शेजारी बसली होती, तिच्यासाठीही सांगितला. बशीत ओतून, फुर्र करून आपानं तो चहा संपवला, आणि बशी खाली ठेवायच्या आत ओरडली, “ए, आणखी एक आण रं. साखर जास्त टाक.”

जागा तिचीच आहे.